राष्ट्रपती बदलतात, राष्ट्रपतिपद राहते

स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात भारताच्या राष्ट्रपतींची यादी असते. डॉ. राजेंद्र प्रसाद, डॉ. राधाकृष्णन, डॉ. झाकीर हुसेन या क्रमाने आपली मुले ती पाठ करतात. परीक्षा झाली की यादी विसरली जाते. त्यात मुलांचा दोष नाही. यादीत नावे आणि साले असतात, पण एका नावाकडून पुढच्या नावाकडे हे पद कसे गेले, हे तिथे लिहिलेले नसते. देशाचे सर्वोच्च पद १९५० पासून एका हातातून दुसऱ्या हातात जात आहे आणि एकदाही तलवार उपसावी लागलेली नाही. हे कसे घडले, याचा अभ्यास करावा व त्यातून आपल्या वस्तीला काही घेता येते का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. सरकारी कामाचा ठेका घेणाऱ्या कंत्राटदाराला बँकेची हमी, म्हणजे बँक गॅरंटी, द्यावी लागते. काम केंद्र सरकारच्या खात्याचे असेल तर ती गॅरंटी ‘भारताचे राष्ट्रपती’ यांच्या नावे तयार होते. त्या कागदावर कुणा व्यक्तीचे नाव नसते. गॅरंटीची मुदत संपण्याआधी राष्ट्रपती बदलले तरी कागद बदलावा लागत नाही. राज्यघटनेच्या २९९व्या कलमानुसार केंद्र सरकारचे करार राष्ट्रपतींच्या वतीने केले जातात आणि त्या कराराबद्दल राष्ट्रपती व्यक्तिशः जबाबदार धरले जात नाहीत. माणूस वेगळा आणि पद वेगळे, हा प्रजासत्ताकाचा पहिला धडा त्या साध्या कागदावर असतो.

राजाचा वारस

आपला करवीर तालुका कोल्हापूर संस्थानात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी सत्तेचा वारसा रक्ताने किंवा दत्तकविधानाने ठरत असे. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेला ते स्वतः आले. असा राजा लाभणे हे आपल्या मुलखाचे भाग्यच.

परंतु भाग्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत पुढचा राजा कसा निघेल, याची हमी कोण देणार? शाहू महाराजांनंतर राजाराम महाराज गादीवर आले व १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. त्यानंतर दत्तक घेतलेले बालराजे १९४६ मध्ये वारले. १९४७ मध्ये देवासच्या घराण्यातून पुन्हा दत्तक घ्यावा लागला. सात वर्षांत गादीच्या वारसाचा प्रश्न दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा प्रजेला कुणी काही विचारले नाही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, २६ जानेवारी १९५० रोजी, भारत प्रजासत्ताक झाला. एका वर्षाच्या आत इथला शेतमजूर प्रजेचा नागरिक झाला. या बदलाचे मोल मोजायचे तर राष्ट्रपतिपदाकडे पाहावे. जिथे राजा बसत असे तिथे आता लोकांच्या प्रतिनिधींनी निवडलेला, मुदतीने बांधलेला माणूस बसू लागला.

घटनेने केलेली व्यवस्था

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी या पदाचे स्वरूप स्पष्ट केले. अमेरिकेच्या प्रमुखालाही प्रेसिडेंट म्हणतात. पण नाव सारखे असले तरी काम सारखे नाही, असे त्यांनी सांगितले. आपले राष्ट्रपती राष्ट्राचे प्रमुख असतील, राष्ट्राचे प्रतीक असतील. राज्यकारभार मात्र लोकसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ चालवील, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, अशी सूचना घटना समितीत आली होती. ज्या पदाकडे कारभाराची प्रत्यक्ष सत्ता नाही त्यासाठी सगळ्या देशाची निवडणूक घेणे व्यवहार्य नाही, म्हणून ती स्वीकारली गेली नाही.

घटनेतील मुख्य तरतुदी थोडक्यात अशा आहेत. भारताला एक राष्ट्रपती असेल, असे ५२वे कलम सांगते. मुदत ५ वर्षांची. मात्र उत्तराधिकारी पदावर येईपर्यंत मावळते राष्ट्रपती पदावर राहतात (कलम ५६). उमेदवार भारताचा नागरिक, वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेला आणि लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा (कलम ५८). मुदत संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पूर्ण करायची; मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीमुळे जागा रिकामी झाल्यास ६ महिन्यांच्या आत घ्यायची (कलम ६२). तोवर उपराष्ट्रपती काम पाहतील (कलम ६५). घटनेचा भंग केल्यास महाभियोग (कलम ६१). यात जात, धर्म, घराणे, संपत्ती यांचा कुठेही उल्लेख नाही.

मताचे गणित

राष्ट्रपतींची निवडणूक संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार करतात. विधान परिषदेच्या आमदारांना हे मत नसते. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरते व त्यासाठी १९७१ ची जनगणना धरली जाते. महाराष्ट्राची लोकसंख्या त्या वेळी ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागले व आलेल्या संख्येला पुन्हा १००० ने भागले की १७५ येतात. म्हणजे महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि सर्व २८८ आमदारांचे मिळून ५०,४००. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८, तर सिक्कीमच्या आमदाराचे ७. सर्व राज्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २०१७ च्या निवडणुकीत ते ७०८ होते; २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने ते ७०० झाले.

एवढी आकडेमोड कशासाठी, असे वाचकांना वाटेल. राज्यांचे आमदार एकीकडे आणि देशाचे खासदार दुसरीकडे, दोन्ही पारडी समान राहावीत यासाठी. राष्ट्रपती एकट्या दिल्लीचे नसावेत, राज्यांचेही असावेत, हा त्यामागचा विचार. आपण आमदाराला दिलेले मत अशा रीतीने राष्ट्रपती भवनापर्यंत पोचते.

पहिले राष्ट्रपती आणि दोन स्वाक्षऱ्या

२४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीने डॉ. राजेंद्र प्रसाद यांची बिनविरोध निवड केली. पुढे १९५२ आणि १९५७ मध्ये ते रीतसर निवडणुकीने विजयी झाले व १३ मे १९६२ पर्यंत पदावर राहिले. दोनदा निवडणूक जिंकून दुसरी मुदत पूर्ण करणारे ते एकटेच. घटनेत फेरनिवडीला बंदी नाही, तरीही त्यांच्यानंतर कुणी दोनदा राष्ट्रपती झालेले नाही.

राजेंद्रबाबूंच्या काळातील दोन स्वाक्षऱ्या आपण समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली हिंदू कोड बिलाची. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी हे बिल पुढे नेले. राजेंद्रबाबूंना ते मान्य नव्हते व त्यांनी आपली नाराजी पंतप्रधान नेहरूंना १९५१ मध्ये लेखी कळवली. बिलाबाबत स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याची इच्छाही दर्शवली. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांचे मत मागवले. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, असे मत त्यांनी दिले. बिल रखडले आणि बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. मात्र पुढे तेच काम तुकड्यातुकड्यांनी संसदेत मंजूर झाले. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये व हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला. त्या कायद्यांवर संमतीची सही राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचीच आहे. माणसाचे मत एक होते, पदाचे कर्तव्य दुसरे. पदाने माणसावर मात केली आणि भारतीय स्त्रीला घटस्फोटाचा व वारसाचा हक्क मिळाला.

दुसरी स्वाक्षरी आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. अनुसूचित जाती कोणत्या, हे घटनेच्या ३४१व्या कलमानुसार राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. हा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्यात होते. १९५६ मध्ये संसदेने शिखांचा समावेश केला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो माणसे केंद्राच्या सवलतींबाहेर गेली. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राची नोकरी, केंद्राची शिष्यवृत्ती व राखीव मतदारसंघ यांची दारे बंदच राहिली. १९९० मध्ये संसदेने कायदा करून बौद्धांचा समावेश केला, तेव्हा संमती देणारे राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन होते. मधली ३४ वर्षे एका पिढीची नोकरीची वये निघून गेली. आदेश एका राष्ट्रपतींच्या नावाने निघाला, दुरुस्ती आठव्या राष्ट्रपतींच्या सहीने झाली. ही दुरुस्ती करण्याचा अधिकार मात्र कलमानुसार एकट्या संसदेचा होता. त्यामुळे न्याय मागायचा तर कुणाच्या दारात उभे राहायचे, हे समजण्यासाठीही या पदाचा अभ्यास हवा.

१९६९ : कसोटीचे वर्ष

दुसरे राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १३ मे १९६२ रोजी पदावर आले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने राष्ट्रप्रमुख व्हावे, याचे जगाला कौतुक वाटले. संसदेच्या आवारातील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी त्यांच्या हस्ते झाले. तो पुतळा शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवला. त्यांच्यामागून १३ मे १९६७ रोजी डॉ. झाकीर हुसेन आले. ते पहिले मुस्लिम राष्ट्रपती आणि थोर शिक्षणतज्ज्ञ.

३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. त्याच दिवशी उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. पण गिरींनाच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. त्यांनी राजीनामा दिला तर राष्ट्रपतीही नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, असा पेच येणार होता. अशा वेळी काय करावे हे घटनेने ७०व्या कलमाने संसदेवर सोपवले होते. संसदेने मे १९६९ मध्ये कायदा करून ठेवला की दोन्ही पदे रिकामी असतील तर सरन्यायाधीश काम पाहतील. त्याप्रमाणे २० जुलै १९६९ रोजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी कार्यभार घेतला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ २४ ऑगस्टपर्यंत देशाचे प्रमुख होते.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांना गिरींविषयी विशेष आपुलकी आहे. ते मूळचे रेल्वे कामगारांचे पुढारी. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतचा निवाडा सरकारने बदलला, म्हणून १९५४ मध्ये त्यांनी केंद्रीय मजूरमंत्रिपद सोडले होते. आणि पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलै १९६९ रोजी, १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून त्यांनीच सही केली. बँक ऑफ इंडिया व बँक ऑफ महाराष्ट्र या आपल्या ओळखीच्या बँका त्या चौदांतच होत्या. त्यानंतरच्या वर्षांत बँकांच्या शाखा खेडोपाडी गेल्या आणि शेतकऱ्याला, बलुतेदाराला बँकेची पायरी चढता आली.

निवडणूकही अटीतटीची झाली. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि चिंतामणराव देशमुख असे तीन प्रमुख उमेदवार होते. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणाविरुद्ध त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला होता. पहिल्या पसंतीच्या मतांत कुणालाच बहुमत मिळाले नाही. देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा पदावर असलेले राष्ट्रपती गिरी १९७० मध्ये स्वतः न्यायालयात साक्षीला हजर राहिले. न्यायालयाने अर्ज फेटाळला. राजाने कधी आपल्या गादीच्या हक्काची उलटतपासणी होऊ दिली असती काय?

सहीचे मोल

२४ ऑगस्ट १९७४ रोजी फखरुद्दीन अली अहमद पाचवे राष्ट्रपती झाले. २५ जून १९७५ च्या रात्री त्यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणजे सही आधी आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर. बँकेत आधी रोकड देऊन नंतर व्हाउचर तयार केले तर काय होते ते आम्ही जाणतो. येथे तर देशाचे मूलभूत स्वातंत्र्य पणाला लागले होते. पुढे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ही फट बुजवली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये, असे कलमातच आले. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही याच दुरुस्तीने स्पष्ट केला.

११ फेब्रुवारी १९७७ रोजी अहमद यांचे पदावर असताना निधन झाले आणि उपराष्ट्रपती बसप्पा दानप्पा जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. जत्ती मूळचे जमखंडीकडचे. त्यांचे पदवीपर्यंतचे व कायद्याचे शिक्षण कोल्हापुरात झाले. ही गोष्ट कोल्हापूरकरांनाही फारशी ठाऊक नसते. १९७७ च्या निवडणुकीत केंद्रात प्रथमच काँग्रेसचा पराभव झाला. २४ मार्च १९७७ रोजी मोरारजी देसाई यांना पंतप्रधानपदाची शपथ जत्तींनी दिली. आणीबाणीतून देश बाहेर पडत असताना, सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना, मधल्या जागी कार्यवाहक माणूस होता. तरीही कुठे घोटाळा झाला नाही, कारण काम पद करीत होते.

२५ जुलै १९७७ रोजी नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून येऊन पदावर आले. १९६९ चे पराभूत उमेदवार आठ वर्षांनी राष्ट्रपती झाले. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलैलाच झाला आहे. १९८२ मध्ये ग्यानी झैलसिंग आले. फरीदकोट संस्थानातील राजाच्या कारभाराविरुद्ध लढताना त्यांनी तुरुंगवास भोगला होता. नागरिकांची पत्रे फोडण्याचा व्यापक अधिकार सरकारला देणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेने १९८६ मध्ये मंजूर केले. झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते कायदा होऊ शकले नाही. १९८७ ते १९९२ या काळात वेंकटरामन यांनी चार पंतप्रधान पाहिले. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचा मरणोत्तर भारतरत्न किताब माईसाहेब आंबेडकरांनी त्यांच्या हातून स्वीकारला. नववे राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यापूर्वी महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९९६ मध्ये कुणालाच बहुमत नसताना त्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाच्या अटलबिहारी वाजपेयींना पाचारण केले. ते सरकार १३ दिवस टिकले.

उझवूरपासून उपरबेड्यापर्यंत

२५ जुलै १९९७ रोजी कोचेरिल रामन नारायणन यांनी शपथ घेतली. केरळातील उझवूर गावच्या गरीब दलित कुटुंबातील हा मुलगा मैलोन्मैल चालत शाळेला जात असे. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण, परराष्ट्र सेवा, चीन व अमेरिकेतील राजदूतपद, खासदारकी, उपराष्ट्रपतिपद असा त्यांचा प्रवास झाला. निवडणुकीत त्यांना ९,५६,२९० मूल्याची मते पडली, प्रतिस्पर्धी टी. एन. शेषन यांना ५०,६३१.

परंतु नारायणन यांची थोरवी एवढ्यावर सांगून संपत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल सरकारची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी परत पाठवली. सरकारे दोन वेगळ्या पक्षांची, पण नियम एकच. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी सामान्य नागरिकासारखे मतदान केले. पदावर असताना असे करणारे ते पहिले राष्ट्रपती. जानेवारी २००० मध्ये प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात घटना बदलण्याची चर्चा जोरात असताना, घटना अपयशी ठरली की आपणच घटनेला अपयशी ठरवले, हा प्रश्न त्यांनी देशापुढे ठेवला. दलित समाजातील माणूस त्या खुर्चीवर बसला, याचा आनंद आपल्याला झाला. बसल्यावर त्याने खुर्चीचा मान वाढवला, याचा अभिमान त्याहून मोठा आहे.

२००२ मध्ये डॉ. अब्दुल कलाम आले. रामेश्वरमच्या नावाड्याचा मुलगा, लहानपणी वर्तमानपत्रे वाटलेला. लाभाच्या पदाविषयीचे विधेयक त्यांनी २००६ मध्ये परत पाठवले. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर मात्र घटनेप्रमाणे सही केली. २००७ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी आले. तरुणपणी कलकत्त्याच्या सरकारी हिशेब कार्यालयात त्यांनी कारकुनी केली होती. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद हे दलित समाजातील दुसरे राष्ट्रपती झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी भेट दिली.

२५ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू यांनी पंधराव्या राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील उपरबेडा या गावी संथाळ आदिवासी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. राज्याच्या पाटबंधारे व वीज खात्यात कनिष्ठ सहायक, मग शिक्षिका, १९९७ मध्ये रायरंगपूर नगर पंचायतीच्या नगरसेविका, पुढे आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल, अशा पायऱ्या चढत त्या तिथे पोचल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात वारणानगरला महिला सहकारी उद्योग समूहाच्या सुवर्णमहोत्सवास त्या आल्या होत्या. टेबलावर फायली लावणाऱ्या कारकुनाला आपले काम क्षुद्र वाटू नये, एवढे या दोन नावांनी नक्कीच शिकवले आहे.

आपल्या वस्तीतील खुर्ची

येथवरचा इतिहास वाचून आपण दिल्लीचे कौतुक करून थांबलो, तर अभ्यास अर्धा राहील. आपल्या भागात तालीम मंडळे आहेत, दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत, जयंती उत्सव समित्या आहेत. यांतील कित्येक ठिकाणी अध्यक्ष वीस-वीस वर्षे तोच असतो. दप्तर त्याच्या घरी, पावतीपुस्तक त्याच्या पिशवीत, शिक्का त्याच्या खिशात. तो माणूस प्रामाणिक असतो, कष्टाळू असतो, पदरमोड करतो. म्हणून कुणी बोलत नाही. एके दिवशी तो आजारी पडतो किंवा वारतो. मग बँकेत खाते आहे, पण सही कुणाची चालेल हे कुणाला ठाऊक नाही, अशी स्थिती येते. अशी खाती आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहिली आहेत. पैसा समाजाचा, आणि समाजालाच तो काढता येत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाची आठवण काढली होती. ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, मतपत्रिकेने मतदान हे सारे नियम संघाला माहीत होते आणि तो पाळत होता, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध त्यांनी इशाराही दिला. भगवान बुद्धांनी स्वतःनंतर कुणाला गादीवर बसवले नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे आनंदाला सांगितले. माणसाच्या जागी नियम ठेवण्याची ही शिकवण आपल्याला परकी नाही.

म्हणून राष्ट्रपतिपदाच्या परंपरेतून प्रत्येक संस्थेने पाच गोष्टी घ्याव्यात, असे आम्ही नम्रपणे सुचवतो. एक, पदाची मुदत लिहून ठेवावी. दोन, मुदत संपण्याआधी पुढची निवड व्हावी. तीन, अध्यक्ष नसल्यास कोण आणि तोही नसल्यास कोण, हे आधीच ठरलेले असावे. चार, जुन्याने नव्याला दप्तर, शिल्लक आणि शिक्का यादी करून द्यावा व यादीवर दोघांच्या सह्या असाव्यात. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या अशाच हाती पडतात. त्यात कुणाचा अपमान नसतो. पाच, पद सोडलेल्या माणसाला सन्मानाने पुढच्या रांगेत बसवावे, म्हणजे पद सोडण्याची कुणाला भीती वाटणार नाही.

दर पाच वर्षांनी २५ जुलैला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश नव्या राष्ट्रपतींना शपथ देतात. घटनेचे व कायद्याचे रक्षण करीन, जनतेच्या सेवेला वाहून घेईन, अशा आशयाची ती शपथ असते. मावळते राष्ट्रपती तिथे हजर असतात आणि समारंभ आटोपला की आपल्या नव्या निवासस्थानी जातात. सारा सोहळा तासाभराचा. मुलांना यादी पाठ करून घेताना हा एक तासही जरूर समजावून सांगावा. प्रजेच्या मुलांनी नागरिक व्हावे म्हणून फार मोठी किंमत मोजली गेली आहे, आणि नागरिकाची खूण हीच की तो खुर्चीवर बसतो तेव्हाही ती आपली नाही हे त्याला ठाऊक असते.